शाळेचे शेत : एका जुन्या मागणीचा इतिहास

इतिहास शिकवणाऱ्या माणसाने माती, पाणी आणि शेणखत यांविषयी बोलायला बसावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. तेव्हा मी या विषयाकडे कसा वळलो, ते आधी सांगतो.

पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण हा विषय घ्यावा लागतो आणि त्यासाठी एक प्रकल्पवही लिहून द्यावी लागते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या या वह्या तपासण्याचे काम माझ्या वाट्याला आले. त्यांत एक वही फार सुबक होती. रंगीत मुखपृष्ठ, चिकटवलेली चित्रे, वळणदार अक्षर. विषय होता, 'गंगा नदीचे प्रदूषण'. वही लिहिणारी मुलगी आमच्या भागातल्या एका कायम दुष्काळी खेड्यातली. मी तिला बोलावून विचारले, "गंगा पाहिलीस का कधी?"

"नाही सर."

"मग गावात नदी आहे?"

"आहे, पण पावसाळ्यापुरती. उन्हाळ्यात टँकर येतो, तीन दिवसांनी एकदा."

"घरात किती पाणी मिळतं?"

"दोन पिंपं. दोनशे लिटरची."

"आणि माणसं?"

"सहा. शेळ्या धरल्या नाहीत."

किती चोख हिशेब! एकही आकडा तिला आठवावा लागला नाही. मी म्हटले, "अगं, मग हेच का नाही लिहिलंस?" तेव्हा ती जरा संकोचून म्हणाली, "हे काय सर, हे तर रोजचंच आहे. असलं प्रकल्पात कुठं लिहितात?"

श्रोतेहो, त्या एका वाक्याने मला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. पंधरा वर्षे शाळा-महाविद्यालयात काढलेली मुलगी, आणि तिने मनाशी काय धरले? जे रोजचे, जे आपल्या घरचे आणि गावचे, ते ज्ञान नव्हे. ज्ञान म्हणजे जे लांबचे आणि छापील. ही समजूत तिने आईच्या पोटातून आणली नव्हती. ती आम्हीच तिला दिली. मग मी माझ्या धंद्याप्रमाणे मागे मागे जाऊन शोधू लागलो, की शाळा आणि गावची माती यांची ताटातूट झाली कधी, आणि ती जोडावी म्हणून आपल्याकडे कोणी कोणी काय केले. आजचे भाषण त्या शोधाचे आहे.

हल्ली या विषयाला 'शाश्वत विकासाचे शिक्षण' असे भारदस्त नाव आहे. नाव नवे असले तरी गोष्ट सोपी आहे. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांनी एक आयोग नेमला होता. त्याचा अहवाल १९८७ साली आला, आणि त्याने शाश्वत विकासाचा अर्थ सांगितला तो असा : आजच्या पिढीने आपल्या गरजा जरूर भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणार नाहीत अशा रीतीने नव्हे. आपल्या शेतकऱ्याला हे निराळे शिकवायला नको. कितीही ओढगस्त आली तरी बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही, ही शिस्त त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आली. बी राखून खाणे म्हणजेच शाश्वत विकास. प्रश्न एवढाच, की हे शहाणपण शाळेच्या दारातून आत का येत नाही?

ते आत यावे अशी लेखी मागणी आपल्याकडे प्रथम कोणी केली, हे पाहू लागलो की आपण थेट १८८२ सालात जाऊन पोचतो. त्या वर्षी इंग्रज सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातल्या शिक्षणाची पाहणी करण्यासाठी एक आयोग नेमला. या आयोगापुढे पुण्याच्या जोतीराव फुले यांनी एक निवेदन सादर केले. जोतीरावांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, हे आपण सर्व जाणतो. पण ते स्वतः शेती करणारे गृहस्थ होते, हे मात्र पुष्कळदा विसरतो. या निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी आणि शेतकरी अशीही करून दिली आहे.

निवेदनातला त्यांचा मुख्य मुद्दा सरळ होता. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा बव्हंशी रयतेच्या घामातून येतो, आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. तेव्हा निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. शाळेत शिकवायचे काय, हेही त्यांनी सांगितले. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे हवेत. खेड्यातल्या शाळेचा अभ्यास शहरापेक्षा थोडा कमी असला तरी चालेल, पण तो व्यवहारोपयोगी असण्यात उणा असू नये. आणि शेतीचे धडे नुसते पुस्तकातून न देता शाळेला जोडून नमुन्याचे एक लहानसे शेत असावे, तिथे मुलांना प्रत्यक्ष शिकवावे. ते नीट चालवले तर देशाचे फार मोठे कल्याण होईल.

शिक्षकांविषयीही त्यांनी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती आजच्या शिक्षकबंधुभगिनींनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. शिक्षक असा असावा, की वेळप्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या लोकांत त्याला मोकळेपणाने मिसळता यावे.

पुढच्याच वर्षी, १८८३ साली, जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात ते जमिनीच्या धुपीविषयी बोलतात. पावसाच्या पाण्याबरोबर शेतातले सत्त्व वाहून जाते, ते जागच्या जागी मुरावे म्हणून ताली, बंधारे, तळी बांधावीत. सरकारजवळ पलटणी आहेत, पोलीस आहेत, त्यांच्या मोकळ्या वेळात हे काम करून घ्यावे, अशी त्यांची सूचना आहे. डोंगरावरचा पालापाचोळा पूर्वी पाण्याबरोबर खालच्या शेतात येऊन खत होई, आणि जंगलखात्याने कुरणे व राने बंद केल्यावर गुराढोरांचे काय हाल झाले, तेही त्यांनी नोंदले आहे. नमुन्याचे शेत आणि बांधबंदिस्ती या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकाच विचाराच्या होत्या. मुलगा शाळेत जे शिकेल त्याने बापाची जमीन वाचली पाहिजे. नाहीतर ते शिक्षण कशासाठी?

गावोगावच्या शाळांतून अशी शेते मात्र उभी राहिली नाहीत. शाळा कारकून घडवण्याच्या वाटेने चालत राहिली आणि शिकला तो शेत सोडून गेला. यात मुलांचा दोष नव्हता. ज्या शाळेत मातीचा उल्लेखच नाही, त्या शाळेतून बाहेर पडणाऱ्याने मातीत परत का यावे?

या वाटेला वळण देण्याचा पहिला मोठा प्रयत्न सातारच्या बाजूस झाला. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली ती साताऱ्यास नेली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका स्वयंपाकघरात, एका पंक्तीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधी तिथे आले, आणि वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्याचा समारंभ त्यांच्या हस्ते झाला. या मुलांनी खडकाळ जमीन फोडली, भाजीपाला पिकवला, स्वयंपाक केला, लाकडे फोडली. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. पुढे १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तिथेही 'कमवा आणि शिका' हेच सूत्र ठेवले गेले.

भाऊरावांची कुदळ जोतीरावांच्या नमुन्याच्या शेताहून थोडी निराळी होती, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता तो गरीब मुलाला फुकटेपणाची लाज न वाटता शिकता कसे येईल, हा. कष्ट हे फीच्या ठिकाणी होते. पण त्यातून एक गोष्ट आपोआप साधली. शिकलेल्या माणसाच्या हातालाही घट्टे असू शकतात, आणि त्यात कमीपणा नाही, हे दोन-तीन पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिले.

यानंतर येते वर्धा. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने ही योजना उचलून धरली. तीच 'नई तालीम', किंवा आपण जिला मूलोद्योग शिक्षण म्हणत होतो ती. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि एका उत्पादक उद्योगाभोवती गुंफलेले. उद्योग कोणते? सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळे-भाजीपाला, चामड्याचे काम. समितीने दिवसाचे वेळापत्रकच आखून दिले. शाळा साडेपाच तासांची. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे मूळ उद्योगाला, मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे, आणि व्यायाम व सुट्टी प्रत्येकी १० मिनिटे.

सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ही शाळा चालवून दाखवली. तिथे सफाई हा केवळ शिक्षेचा किंवा गड्याचा विषय नव्हता. घाण म्हणजे चुकीच्या जागी पडलेली संपत्ती, तिचे खत केले की ती सोने होते, हे मुले हाताने शिकत. आणि ज्या समाजात मैला उचलणे एका जातीच्या कपाळी लिहिलेले होते, त्या समाजात सगळ्या मुलांनी फावडे धरणे ही साधी गोष्ट नव्हती. माझ्या मते नई तालीमचा खरा क्रांतिकारक धडा टकळीपेक्षा त्या खताच्या खड्ड्यात होता.

मग ही योजना का बसली? इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे भक्तीने बोलून चालणार नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यातल्या पुष्कळ प्राथमिक शाळा मूलोद्योग शाळा झाल्या. अजूनही काही जुन्या शाळांच्या पाटीवर 'जीवन शिक्षण मंदिर' ही अक्षरे दिसतात. पण आत काय चालले? उद्योगातून गणित, भूगोल, विज्ञान शिकवायचे याला समवाय पद्धती म्हणत. ती ज्याला साधेल असा शिक्षक तयार करायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणी दिला नाही. कापसाच्या पेळूवरून इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत वर्गाला नेणारे गुरुजी विरळा. बाकी ठिकाणी तासभर टकळी फिरली, सूत गुंतले आणि घंटा झाली. समितीने आपल्या अहवालातच बजावले होते, की मुलांकडून जास्तीत जास्त काम काढण्याच्या नादात शिक्षक त्या कामामागचे शिक्षण विसरतील, हा यातला उघड धोका आहे. झाले तसेच.

पण त्याहून मोठे कारण वेगळेच. शहरातल्या इंग्रजी शाळेत टकळी गेली नाही. तेव्हा खेड्यातला शहाणा बाप मनात म्हणाला, "साहेबांची पोरं इंग्रजी शिकणार आणि आमची सूतच कातणार होय?" या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते. एकाच देशात कष्टाचे शिक्षण गरिबांना आणि पुस्तकाचे शिक्षण श्रीमंतांना, अशी वाटणी झाली की ते कष्टाचे शिक्षण कितीही थोर असो, लोक ते नाकारणारच. आणि त्यांनी नाकारले यात मला चूक दिसत नाही. आजही आपण 'पर्यावरण' शिकवताना ही आठवण ठेवली पाहिजे.

याच काळात एका कोपऱ्यात एक निराळा प्रयोग मुळे धरत होता. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. माँटेसरी बाईंची पद्धत ताराबाईंना मान्य होती, पण तिची महागडी साधने खेड्याला कुठली परवडायला? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती, बांबू यांतून साधने केली. मूल बालवाडीत येईना, तर बालवाडी त्याच्या अंगणात नेली आणि तिला नाव दिले अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात भरली. ती कुरणशाळा. परिसर म्हणजे शिकवण्याचा विषय असे आपण म्हणतो. या दोघींनी परिसरालाच शाळा केली.

पुढचा काळ मी भरभर सांगतो. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे लांबलचक नाव दिले. नाव लांबले, काम आखडले. बहुतेक ठिकाणी ते खडूच्या पेट्या आणि कागदी फुले यांवर येऊन थांबले.

मध्यंतरी १९७२ साल येऊन गेले होते, आणि ते विसरण्यासारखे नाही. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. आणि त्याच वर्षी इकडे महाराष्ट्रात पावसाने पाठ फिरवली. बहात्तरचा दुष्काळ म्हणताच आमच्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सुकडी, खडी फोडणारे हात आणि पाझर तलावांची कामे उभी राहतात. रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली. हजारो अडाणी म्हटलेल्या माणसांनी नालाबंडिंग, समतल बांध, पाझर तलाव हे शब्द कामावर शिकून घेतले. नव्वद वर्षांपूर्वी जोतीरावांनी मागितलेले बांधच ते. मात्र ज्यांनी ते बांधले त्यांच्या मुलांच्या पुस्तकात त्या बांधांचा धडा नव्हता.

१९८३ साली पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईतल्या मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून हा शास्त्रज्ञ खेड्यात आला. शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम बसवला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचा. त्याचे चार भाग : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलांनी गावाच्या गरजेचे खरे काम करायचे, त्याचा खर्च मांडायचा आणि त्यामागचे विज्ञान शिकायचे. माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाने या विषयाला मान्यता दिली, त्यामुळे मुलाचे गुण बुडाले नाहीत. नई तालीमचा बाप ज्या ठिकाणी अडला होता, ती अडचण कलबागांनी बरोबर हेरली होती.

यानंतरची गोष्ट न्यायालयात घडली. एम. सी. मेहता या वकिलांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असा आदेश दिला. बारा वर्षे झाली तरी अंमल नीट होईना, तेव्हा २००३ साली न्यायालयाने पुन्हा कान पिळले. त्यानंतर आपल्याकडे विषय आला, पुस्तके आली, प्रकल्पवह्या आल्या. २००१ पासून शाळांतून राष्ट्रीय हरित सेनेची पथके निघाली होती. पुढे नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषयही आला. संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे दशक शाश्वत विकासाच्या शिक्षणासाठी वाहिले.

म्हणजे जोतीरावांनी जे मागितले ते आता कागदावर जवळजवळ सगळे मिळाले आहे. तरीही माझी विद्यार्थिनी गंगेचे प्रदूषण उतरवून आणते. दोनशे लिटरच्या पिंपाचा हिशेब तिला लिहिण्याजोगा वाटत नाही. विषय शाळेत आला. शेत अजून आलेले नाही.

आता शिक्षकबंधू म्हणतील, "सर, तुमचं म्हणणं खरं, पण आमची शाळा दोन शिक्षकी. चार वर्ग, पोषण आहार, माहिती भरणं, फोटो पाठवणं. शेत करायचं कधी?" तक्रार रास्त आहे. म्हणून मी ज्याला जादा माणूस लागत नाही आणि जागाही फार लागत नाही, अशाच दोन-तीन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट पावसाची. सरळ उभ्या भिंतीचा एक डबा किंवा बरणी उघड्यावर ठेवा. रोज सकाळी ठरावीक वेळी आत पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर चढले ते मुलांनी भिंतीवर लिहावे, आणि डबा रिकामा करावा. हा झाला पर्जन्यमापक. आता गणिताचा तास. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. शाळेचे छप्पर २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असेल तर ते झाले २०० चौरस मीटर. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरा. दुष्काळी गावातही पुष्कळदा एवढा पडतो. म्हणजे छपरावर एक लाख लिटर पाणी पडले. पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला तरी ८० हजार लिटर उरले. शाळेत १६० मुले, प्रत्येकी दिवसाला पाच लिटर म्हणजे ८०० लिटर. उत्तर आले १०० दिवस. जी शाळा टँकरची वाट पाहते तिच्या छपरावरून शंभर दिवसांचे पाणी वाहून जाते! हे गणित मुलाने एकदा घरी जाऊन सांगू द्या. गणिताच्या पुस्तकातल्या हौदाला लावलेल्या दोन नळांपेक्षा ते त्याच्या जास्त दिवस लक्षात राहील.

हीच गोष्ट गावाने केली तर काय होते, ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दाखवले आहे. तिथे पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभा ठरवते. उसासारख्या तहानलेल्या पिकाला आणि शेतीसाठी बोअर घेण्याला गावाने स्वतःच मनाई केली. ज्याला ताळेबंद कळतो त्यालाच असा निर्णय पटतो. आणि ताळेबंद कळायला दहावीपर्यंत थांबायचे काही कारण नाही.

दुसरी गोष्ट परसबागेची. पोषण आहाराच्या भाजीची देठे, सोललेल्या साली, आवारातला पालापाचोळा यांचा एका खड्ड्यात थर द्यायचा, त्यावर शेणकाला आणि माती, वरचेवर ओलावा. तीन-चार महिन्यांत त्याचे खत होते. मुले हात धुतात ते पाणी एका चरातून वळवले तर त्यावर अळू आणि केळ उभी राहते. आपल्या आज्या मोरीच्या पाण्यावर हेच करीत होत्या. कुंपणाला शेवगा लावा, मांडवावर दोडका चढवा. त्या भाजीचे वजन मुलांनीच करावे आणि वहीत मांडावे. एका गुंठ्यात वनस्पतिशास्त्र, आहारशास्त्र आणि जमाखर्च असे तीन विषय बसतात.

तिसरी गोष्ट झाडाची. दर पावसाळ्यात रोपे लावण्याचे छायाचित्र निघते. मी सुचवतो, की लावलेल्या रोपांचे नव्हे, तर जगलेल्या झाडांचे रजिस्टर ठेवा. पुढच्या जूनमध्ये मोजा, जी मेली ती का मेली ते लिहा. शेळीने खाल्ली, पाणी कमी पडले, की मुळात जागाच चुकली? मेलेल्या रोपाचे कारण शोधणे हाही अभ्यासच आहे, आणि तो प्रामाणिकपणाचा अभ्यास आहे.

पण यात दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. झाडणे, भांडी, पाणी भरणे हे मुलींकडे आणि खोदकाम, मोजमाप हे मुलांकडे, अशी वाटणी करू नका. आणि मळकट काम त्याच त्याच घरच्या मुलांकडे जात नाही ना, यावर गुरुजींनी स्वतः डोळा ठेवावा. कामाची पाळी सगळ्यांना सारखी, त्यात गुरुजीही आले. जोतीरावांनी रुमण्याची आणि वाकसाची अट शिक्षकालाच घातली होती, मुलाला नव्हे. दुसरे पथ्य असे, की हे काम पुस्तकाच्या जागी आणू नका. ते पुस्तकाला जोडा. मुलाचे इंग्रजी, गणित, विज्ञान कच्चे ठेवून त्याच्या हाती कुदळ दिली तर तो बाप पुन्हा तोच प्रश्न विचारील, आणि आपल्यापाशी पुन्हा उत्तर नसेल.

आता त्या मुलीचे सांगतो आणि रजा घेतो. मी तिची गंगेची वही परत केली आणि म्हटले, पिंपाचा हिशेब लिहून आण. पंधरा दिवसांनी ती आली. या वहीला रंगीत मुखपृष्ठ नव्हते. आत तिने आपल्या वस्तीतल्या घरांची यादी केली होती. कोणाकडे किती माणसे, किती पिंपे, टँकर कुठे थांबतो, तिथून कोणाला किती अंतर चालावे लागते, आणि हंडे कोण वाहते. शेवटच्या रकान्यात जवळजवळ सगळी नावे बायकांची आणि मुलींची होती. स्वतःच्या घराचा हिशेब तिने असा मांडला होता : ४०० लिटर, तीन दिवस, सहा माणसे; माणशी दिवसाला २२ लिटर. त्याखाली तिने लिहिले होते, की सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे असे ठरलेले आहे.

मी गुण दिले आणि वही ठेवून घेऊ लागलो. तेव्हा ती म्हणाली, "सर, वही परत मिळेल का? बाबा म्हणत होते, ग्रामसभेला घेऊन जाऊ."

मी ती तिच्या हाती दिली. १८८२ सालच्या त्या निवेदनात जोतीरावांनी ज्या नमुन्याच्या शेताची मागणी केली होती, त्याचा एक वाफा त्या दिवशी मला दिसला असे वाटले. बाकीचे शेत अजून नांगरायचे आहे. ते काम, शिक्षकबंधुभगिनींनो, तुमचे आणि आमचे आहे.